फाटकावरचा हात

पारनेरला माझ्या मुलीच्या शाळेच्या फाटकावर एक मावशी असतात. नाव मी कधी विचारलं नाही. शाळा सुटली की त्या फाटकात हात आडवा धरतात आणि प्रत्येक पोराला विचारतात, "कोन आलंय तुला न्यायला?" पोराने बोट दाखवेपर्यंत हात हटत नाही. मी रोजचा, तरी मलाही तोच नियम. कधी कधी वैताग यायचा.

परवा ऊसतोडीला गेलेला एक बाप हंगाम संपल्यावर थेट शाळेतच आला. पहिलीतली लेक त्याला बघून मावशींच्या मागे लपली.

"माझीच लेक हाय वो," तो कळवळून म्हणाला.

"दिसतंय की. नाक तुमचंच हाय. पन तिला पटू द्या."

मावशींनी दोघांना पायरीवर शेजारी बसवलं. लेक त्याच्याकडे चोरून बघत राहिली. मग लेकीनं त्याच्या बोटावरची चिंधी चाचपली.

"काय झालं?"

"कोयता लागला."

तिने त्यावर हळूच फुंकर घातली.

"कोन आलंय गं?" मावशींनी विचारलं.

"माझं आप्पा."

हात बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मला निवडून आल्यासारखं वाटलं.