कारण पटलं तर पैसे परत

विकलेला माल परत आला की दुकानदाराचं तोंड उतरतं, हा जगाचा नियम आहे. आणि हा नियम धाब्यावर बसवणारा एकच दुकानदार मी आजवर पाहिला, तो म्हणजे माझी थोरली वहिनी. कळमनुरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ती एकदोनदा अंगाला लागलेले कपडे मोबाइलवर विकते. आहेरात आलेल्या आणि एकदाच नेसलेल्या साड्या, कुणाच्या बौद्ध मंगल परिणयातली पांढरीशुभ्र साडी, रिसेप्शनपुरते शिवलेले आणि सहा महिन्यांत नवरदेवाच्या पोटाने बाद केलेले कोट, असला माल ओळखीच्या बायका तिच्याकडे आणून टाकतात. मी फोटो काढतो, वहिनी ते ग्रुपवर चढवते, आणि माल जातो. विक्री झाल्याचा आनंद तिला होत नाही असं नाही. पण 'ताई, परत करायचंय' असा निरोप आला की तिच्या चेहऱ्यावर जी कळा येते ती मी दिवाळीतही पाहिलेली नाही. चहाचं आधण चढवून, पदर खोचून ती फोनपाशी मांडी ठोकून बसते आणि म्हणते, "बोला. काय तकलीफ झाली?"

तिचा कायदा एका ओळीचा: कारण पटलं तर पैसे परत. आता कारण म्हणजे इतर ठिकाणी चारपाच पर्याय दिलेले असतात, त्यातल्या एकावर बोट दाबलं की संपलं. वहिनीला तसलं मिळमिळीत कारण चालत नाही. तिला ते सविस्तर, घरच्या माणसांसकट लागतं. परभणीच्या एका बाईने ब्लाऊज घट्ट होतो म्हणून कळवलं, तर वहिनीने विचारलं, "जेवायच्या आधी घातला का जेवून उठल्यावर?" मग त्यांचं जेवण, त्यांचं थायरॉइड, त्यांच्या जावेचं वागणं असं सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आतल्या शिवणीत माया हाये, उसवून बघा." ब्लाऊज बसला. हिंगोलीच्या एकीने सासूला रंग आवडला नाही असं सांगितलं, तेव्हा वहिनीने थेट सासूलाच फोनवर बोलावलं. माघारी येणारी साडी राहिली बाजूला, सासूबाईंनी स्वतःसाठी आणखी एक मागवली. त्या बिचाऱ्या सुनेने पुन्हा कधी फोन केला नाही, हे मी वहिनीला अधूनमधून मुद्दाम ऐकवतो.

माझा स्वभाव असा भाबडा नाही. वसमतच्या एका पोराने कोट परत पाठवला, 'साइज बसत नाही' म्हणून. मी खिशात हात घातला तर अक्षता आणि अर्धी सुपारी! मी भडकलोच. "वैनी, ह्यानं ह्या कोटात लग्न उरकून घेतलंय. एक पैसा देऊ नका." वहिनीने शांतपणे फोन लावला आणि पैशांबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "बाळा, नवरीचं नाव काय रे?" पोरगं आधी ततपप करायला लागलं, मग रडकुंडीला आलं, मग खरं बोललं. नवा कोट घ्यायची ऐपत नव्हती आणि सासरकडच्यांपुढे शोभा नको होती. वहिनीने त्याला आधी लग्नाला न बोलावल्याबद्दल झाडलं, जेवणात काय होतं ते विचारलं आणि पैसे परत केले. "खरं बोललं लेकरू," मला म्हणाली. तेव्हा मला कळलं की कारण पटणं म्हणजे ते खरं असणं. दादा म्हणतो की हिने दुकान टाकलं नाही, चावडी टाकली आहे. दादाचं कृषी केंद्र आहे आणि तिथे फुटलेली पिशवीसुद्धा परत घेत नाहीत, तेव्हा त्याच्या मताला वहिनी किंमत देत नाही.

हा कायदा अडला तो डोंगरकडा गावच्या एका बाईंपाशी. पन्नाशीच्या असाव्यात. आवाज हळू, अदब फार. निवड मात्र झोकदार: मोरपंखी, हळदी, जांभळी. आणि मागवलेली प्रत्येक साडी आठवड्याच्या आत माघारी. कधी पदर आखूड, कधी कापड टोचतं, कधी फोटोतला रंग निराळा. "तुमाला उगं तरास देऊन राहिले बगा," असं प्रत्येक वेळी म्हणायच्या. वहिनीने पदर वितीने मोजला, भरपूर होता. कापड गालाला लावून पाहिलं, लोण्यासारखं होतं. तरी पैसे परत करत गेली. दादा आणि मी, दोघांचंही म्हणणं पडलं की असलं गिऱ्हाईक नावानिशी बंद करावं.

एके दिवशी वहिनीने माघारी आलेली मोरपंखी साडी खाटेवर पसरली आणि मला हाक मारली. "भावजी, ह्या बघा निऱ्या. पिनीची भोकं हायेत. म्हंजे नेसली व्हती. आन खालच्या काठाला धुळीचा कण न्हाई. उंबऱ्याबाहेर गेलीच न्हाई ही साडी."

"मग?"

"मग काय! बाई खोटं बोलून राहिली. पर काहून?"

उत्तर त्या बाईंच्या सुनेकडून आलं. सासूच्या नकळत तिने फोन केला होता. "मामंजी गेले तवापासून त्या फिक्कंच नेसतात. आमी कोणी काही म्हनत न्हाई, उलट नेसा म्हनतो. पर त्या दार लावून नेसतात, आरशापुढं बसतात, आन सांजच्याला घडी घालून ठिवतात. तुमी पैसे नका अडवू ताई, त्यायला वाईट वाटंल."

वहिनीचा चहा त्या दिवशी तसाच निवला. त्यानंतर बाईंनी डाळिंबी साडी मागवली आणि नेहमीप्रमाणे फोन आला, रंग फोटोतल्यासारखा नाही. मला वाटलं, आता वहिनी गप्प पैसे पाठवील. ती म्हणाली, "फोटो आमचे भावजी काढतात, त्यायचा काही भरोसा न्हाई. पर घडीवरून रंग कळत न्हाई हो ताई, अंगावर बघावा लागतो. बाजाराच्या दिशी ती साडी नेसून या. निराळा दिसला तर पैसे जाग्यावर. पार्सल मात्र घेनार न्हाई आता."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "नेसून?"

"व्हय. दुसरी पिशवीत घ्या, इथं बदलून जा."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर उखडलो. दुःखात असलेल्या बाईला कसला कायदा दाखवता म्हणून बरंच बोललो. वहिनीने ऐकून घेतलं. "भावजी," म्हणाली, "मी असंच पैसे देत गेले तर ती बाई जलमभर साड्या परतच करत राहील."

बाजाराच्या दिवशी तिने मलाही स्टँडवर ओढून नेलं. डोंगरकड्याकडून एक गाडी आली, रिकामी झाली. दुसरी आली, तीही. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. "भावजी, जास्ती बोलले का हो मी?" असं तिने विचारलं. आमच्या घरात हा प्रश्न तिने कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या गाडीतून त्या उतरल्या. ऊन मी म्हणत होतं आणि बाईंनी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत शाल लपेटलेली. पिशवी छातीशी धरलेली. आमची ओळख पटल्यावर त्यांनी आधी चौफेर पाहिलं, मग शाल काढून तिची घडी घातली. डाळिंबी रंग त्यांना इतका खुलून दिसत होता की माझ्या फोटोची मलाच लाज वाटली. वहिनीने त्यांना पदरापासून काठापर्यंत न्याहाळलं आणि निकाल राखून ठेवला. "सावलीत समजत न्हाई. चला, उन्हात जाऊ."

आणि तिने त्यांना भर बाजारात नेलं. बाई दुकानांच्या कडेकडेने, माणसांना वाट देत चालत होत्या. भाजीच्या ओळीत एकदम थबकल्या आणि त्यांनी वहिनीचं मनगट घट्ट धरलं. समोर मेथी मांडून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांच्याच गावचे, भावकीतले. म्हाताऱ्यांनी मान वर केली, बाईंकडे पाहिलं.

"काय अक्का, बाजाराला का?" ते म्हणाले. "घ्या, मेथी ताजी हाये."

अक्कांनी मेथी घेतली. मग वांगी घेतली, आणि वांग्यांपाशी भाव करताना आवाजही जरा चढला. स्टँडवर परत आल्यावर वहिनीने कमरेची पिशवी सोडली आणि विचारलं, "मंग ताई, रंग निराळा हाये का? खरं सांगा, पैसे देते."

बाईंचं पैशांकडे लक्ष नव्हतं. त्या आल्या वाटेकडे, त्या सगळ्या गर्दीकडे पाहत होत्या.

"कोणीच काही म्हनलं न्हाई की हो," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं मी उगंच भेले का?"

चावडीवर बसल्यासारखी बोलणारी माझी वहिनी. तिने नुसता त्यांचा हात हातात घेतला आणि गाडी लागेपर्यंत सोडला नाही.