झाकणाचा डबा

माझा मित्र सदानंद याच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी मोत्यांच्या माळेवरून हुज्जत घालत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. क्योतोच्या शोकसभेत एका प्राध्यापकांनी सांगितलं की सदानंदने प्रोस्टेटच्या कॅन्सरला हरवलं आणि नंतर तो अगदी पूर्वीसारखं आयुष्य जगला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर गेलो, नाहीतर तिथेच भांडण झालं असतं. पूर्वीसारखं... कुणी सांगितलं यांना?

सदा आणि मी एकाच वर्षी जपानला आलो. तो पीएच.डी.ला, मी सुटकेसभर नकली दागिने घेऊन. त्याने सगळं हुशारीवर मिळवलं, मी घासाघीस करून. तो मला शेठ म्हणायचा आणि दर रविवारी क्योतोहून कोबेला माझ्या दुकानात मी केलेली मिसळ खायला यायचा. मोठ्या भूकंपानंतर ओळखीतले निम्मे लोक मिळेल ते विमान पकडत होते, तेव्हा हा शांतपणे प्रयोगशाळेत जात होता. आणि तोच माणूस पुढे डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला घाबरला. मला राग आहे तो याचा.

निदान झालं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले: ऑपरेशन, रेडिएशन किंवा तूर्त नुसतं लक्ष ठेवणं. मी माझ्या बाजारी जपानीत विचारलं, प्रत्येकानंतर याचं रोजचं जगणं कसं असेल? लघवी, झोप, बायकोबरोबरचं आयुष्य? डॉक्टरांनी पेन उचललं, कागद पुढे ओढला. तेवढ्यात सदाने टेबलाखाली माझा पाय दाबला, वाकून त्यांचे आभार मानले आणि ऑपरेशनला होकार देऊन मोकळा झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "शेठ, इथे भाव करायचा नसतो."

"भाव नाही रे, पदरात काय पडणार ते विचारत होतो."

रेडिएशननेही त्रास होतात, मला माहीत आहे. कदाचित त्याने ऑपरेशनच निवडलं असतं. पण समजून निवडलं असतं.

त्यानंतर रविवार बंद झाले. कधी सेमिनार, कधी पाहुणे. मी फोनवर वाट्टेल ते बोललो. शेवटी एकदा आला, तर हातातली पिशवी खाली ठेवेना. मग जमिनीकडे बघत सांगितलं... लघवीवर ताबा राहिला नव्हता, पॅड लावावं लागायचं. बायकांच्या स्वच्छतागृहात डबा असतो, पुरुषांच्या नसतो. रस्त्यावर कचराकुंडी शोधून सापडत नाही. म्हणजे वापरलेलं पॅड पिशवीत घेऊन भरल्या गाडीतून क्योतोपर्यंत जायचं. "शेजारचा माणूस उठला की वाटतं, माझ्यामुळेच उठला."

मी तसाच दुकानाच्या इमारतीचे व्यवस्थापक मोरी-सान यांच्याकडे गेलो आणि पुरुषांच्या सामायिक स्वच्छतागृहात झाकणाचा डबा ठेवायला मागितला. ते म्हणाले, आजवर कुणीच मागितला नाही. मी म्हणालो, कोण मागणार? डबा माझा, रिकामा मी करणार, वर यंदाच्या भाडेवाढीवर एक शब्द बोलणार नाही. त्यांनी मान्य केलं. पुढच्या रविवारी सदा पिशवीशिवाय, मोकळ्या हातांनी आला आणि दोनदा रस्सा मागून घेतला.

पण डब्याने सुटणारं तेवढंच सुटलं. शोकसभेनंतर वहिनींनी सांगितलं, ऑपरेशननंतर त्याने अंथरूण अभ्यासाच्या खोलीत हलवलं ते कायमचं. तिथेच तो गेला, सकाळी त्या चहा घेऊन गेल्या तेव्हा कळलं. "यांना वाटायचं, मला काहीतरी कमी पडतंय. मला माणूस शेजारी हवा होता, भावोजी. एकदा विचारायचं तरी." त्या रडत नव्हत्या. त्याही संतापलेल्या होत्या.

गेल्या आठवड्यात मोरी-सान आले. वाकून दुःख व्यक्त केलं आणि फार अदबीने विचारलं, आता तो डबा काढला तर चालेल का? मी सरळ स्वच्छतागृहात गेलो, ते मागोमाग आले. सदाच्या शेवटच्या रविवारी मी डबा रिकामा केला होता, तो गेल्यापासून ते झाकण उघडलंच नव्हतं. उघडलं. आत कागदात नीट गुंडाळलेली तीन पॅडं होती.

कुणाची, ते मोरी-साननी विचारलं नाही, मीही नाही. डबा तिथेच आहे. रोज दुकान बंद करताना मी त्यातली पिशवी बदलतो.