अर्जातली दोन नावं

डब्लिनला जायचं ठरल्यावर मी वहीत चौऱ्याऐंशी कामं लिहिली. त्यात पाळणाघराचं काम पहिलं, कारण नवऱ्याची आणि माझी, दोघांचीही नोकरी पूर्णवेळ आणि धाकटी चार वर्षांची. तिला जागा मिळाली नाही तर मला रुजू होता येणार नव्हतं. महिनाभर मेल लिहून एक जागा मिळाली. अर्जाच्या शेवटी, आमच्याशिवाय, दोन माणसांची नावं हवी होती: बोलावलं तर अर्ध्या तासात येऊन मुलीला घेऊन जाणारी.

तिथे आमच्या ओळखीची एकच, नवऱ्याची चुलत बहीण. मी तिचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव लिहून टाकलं आणि वहीत कामापुढे खूण केली. विचारायचं मनातही आलं नाही. इथे नौपाड्यात थोरल्याच्या पाळणाघरात मी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर असाच दिला होता. एकदा त्याला ताप भरला तेव्हा मी कल्याणला ऑफिसात होते. काकू गॅस बंद करून रिक्षाने गेल्या, त्याला घरी आणून मांडीवर घेऊन बसल्या. संध्याकाळी मी पोचले तर मलाही खिचडी वाढली.

आठवड्याने डब्लिनहून मेल आली. पाळणाघराने नणंदेला फोन केला होता आणि तिने नाही म्हणून सांगितलं होतं. पंधरा दिवसांत दोन नावं आली नाहीत तर जागा दुसऱ्या मुलाला जाणार होती.

मी तावातावाने तिला फोन लावला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, दोन बस बदलून दीड तास. एवढं सांगून ती म्हणाली,

"वहिनी, माझी दोन्ही बाळंतपणं इथेच झाली. तेव्हा तुमच्यापैकी कुणी फोन तरी केलात का?"

मी जुन्या वह्या टाकत नाही. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वर्षीची काढून पाहिली. ‘नणंदेला फोन’ हे काम तीन याद्यांत पुढे ढकललेलं होतं. चौथ्या यादीत ते नव्हतंच.

नवरा ठरल्यापेक्षा आधी एकटा गेला आणि शेजारची दारं वाजवत फिरला. एक बाई हो म्हणाल्या. दुसरं नाव मुदतीत मिळालं नाही. जागा गेली, माझं रुजू होणं तीन महिने पुढे गेलं, आणि मुलांच्या भरलेल्या बॅगा पलंगाखाली सरकवून मी धाकटीला पुन्हा नौपाड्याच्या पाळणाघरात घातलं.

तिथल्या अर्जातही तोच रकाना होता. या वेळी मी खाली गेले. काकू मेथी निवडत होत्या. तुमचा नंबर दिला तर चालेल का, असं मी विचारलं. चालत नसेल तर तसं सांगा, हेही म्हटलं.

काकूंचा हात थांबला.

"इतकी वर्षं विचारलं नाहीस ते?" त्या म्हणाल्या. "निघालीस म्हणून परकी झाले होय मी?"

मी नणंदेचं सगळं त्यांना सांगायला लागले. त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.