भाटव्यांच्या उलट्या गिटारी

अख्ख्या वर्धा जिल्ह्यातला उलट्या गिटारींचा सगळ्यात मोठा साठा एकाच माणसाकडे आहे, आणि तो माणूस माझ्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला. मी तेव्हा बारावीत होते आणि मला कोणी विचारलं नव्हतं. "काय करता?" असं विचारल्यावर मुलाने "वाजवतो" एवढंच उत्तर दिलं आणि पोह्यांच्या बशीकडे बघत बसला, तेव्हाच मी आईला स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं होतं की हे काही खरं नाही. पण ताई तोवर हसली होती. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात आणि तोंडावर भाऊजी. तर आमच्या भाटव्यांचा पिपरी मेघ्यातला संसार म्हणजे दोन खोल्या, ताई, अमरावतीला दिलेली एक लेक आणि भिंतीला टांगलेल्या सात गिटारी. मी सिंदी मेघ्यात शिवणाचं दुकान चालवते. त्या सातही गिटारींच्या खोळी मी शिवल्या आहेत, जुन्या दुलया कापून, आणि प्रत्येक खोळ देताना "ही शेवटची" असं बजावलं आहे.

गिटारी उलट्या का, तर भाटवे डावखुरे. बाजारातली गिटार उजव्या माणसासाठी बनते: डाव्या हाताने दांडा धरायचा, उजव्याने तारा छेडायच्या. भाटवे ती फिरवून धरतात. मग जाड तार खाली जाते आणि बारीक तार वर येते, म्हणून सगळ्या तारा काढून उलट्या क्रमाने लावायच्या, तारा बसतात त्या खाचा कानशीने घासून घ्यायच्या, पट्ट्याची कडी उपटून दुसरीकडे भोक पाडायचं. नवी कोरी वस्तू घरी आणून पहिल्याच दिवशी तिच्यावर कानस चालवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बरं, अशी गिटार पुढे कोणी विकत घेत नाही, कोणाची उसनी मागता येत नाही, आणि आपली कोणाला देता येत नाही. जी आली ती घरातच राहिली.

डाव्या हाताच्या म्हणून बनवलेल्या गिटारी जगात असतात, हे भाटव्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण त्या मागवाव्या लागतात, आणि किमती अशा की भाटव्यांनी त्या नुसत्या वाचायच्या. त्यांची कमाई हंगामी. एप्रिलमध्ये जयंतीचा महिनाभर रोज कुठे ना कुठे भीमगीतांचा कार्यक्रम, मग लग्नसराई, आणि उरलेलं वर्ष चार-पाच शिकाऊ पोरं. म्हणून दर वेळी हाती थोडे पैसे आले की ते नागपूरला जायचे आणि त्यात बसेल ती सरळ गिटार घेऊन यायचे. मी एकदा स्पष्टच सांगितलं, "भाऊजी, या सात घेतल्या नसत्या तं तुमची ते खरी डाव्या हाताची कवाच आली असती."

"आली असती ना," भाटवे म्हणाले. "पण तवालोक वाजवलं काय असतं व, टेलरबाई? तुय्या मशीनचा डब्बा?"

नागपूरच्या दुकानात त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती, आणि ताईच्या पायाला लागलं होतं तेव्हा ती मी एकदा भोगली. भाटव्यांनी भिंतीवरची गिटार उतरवली, उलटी धरली आणि उलट्याच तारांवर काहीतरी वाजवायला लागले. दुकानातला पोरगा धावत आला. "भैया, उल्टा पकडा है आपने." भाटवे शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडं सरळ टांगली हाय रे बाबू, माह्याकडं येऊन सुधरते." मग त्यांनी नऊ गिटारी तशाच वाजवून पाहिल्या, प्रत्येकीच्या पाठीवर टिचकी मारली, एकीला नाक लावून वास घेतला, आणि सगळ्यात स्वस्त होती ती घेतली. परतीच्या एसटीत ती खिडकीपाशी, भाटवे मध्ये आणि मी अर्धी सीटबाहेर. कंडक्टरने विचारलं, "हे कोन?" भाटवे म्हणाले, "पाहुणी हाय. पहिल्यांदा येऊन राह्यली."

पाहुणीची बडदास्तही तशीच. आमच्याकडचा मे महिना माणसाला सोसत नाही, लाकडाचं काय सांगावं. तिसऱ्या गिटारीचा डिंक उन्हाने सुटला आणि तारांच्या ओढीने तिची तारा अडकवायची पट्टी उखडून आली. त्यानंतर घरातला एकुलता एक कुलर गिटारींच्या खोलीत गेला. आठवडाभरात ओल्या हवेने चौथी गिटार फुगली. मग भाटव्यांनी कुलरचं पाणी बंद करून नुसता पंखा ठेवला, कोपऱ्यात एक माठ ठेवला आणि माठावर ओलं फडकं. दिवसातून तीनदा ते फडक्याला हात लावून बघायचे, जसं तापातल्या लेकराचं कपाळ बघावं. ताई आणि ते गच्चीवर झोपायचे. मी ताईला विचारलं, "तुले राग नाई येत व?" ताई म्हणाली, "येते ना. पन मंग ते वाजवते."

वाजवायचे मात्र खरंच. यावर मी वाद घालत नाही. विजेची गिटार उलटी केली की तिची आवाजाची बटणं वरच्या अंगाला, बरोबर कोपराखाली येतात. नाचणगावच्या एका लग्नात भाटवे रंगात आले आणि कोपर लागून बटण फिरलं. आवाज साफ बंद. भाटवे डोळे मिटून वाजवत होते, त्यांना पत्ताच नाही. दोन गाणी तशीच गेली. घरी आल्यावर त्यांनी गिटार खोळीतून काढलीही नाही. ताईला वाटलं, गाण्याच्या पार्टीवाल्यांनी बोल लावले असतील. शेवटी जेवताना म्हणाले, "बटन बंद झालतं याचं काई नाई. पन दोन गाने झाले, अन् कोनाले समजलं नाई." त्यानंतर त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि दर कार्यक्रमाआधी अंगठ्याने दाबून बघायचे. पुढे की-बोर्डमध्येच सगळी वाद्यं वाजायला लागली, पार्ट्या लहान झाल्या आणि गिटारवाल्याचं बोलावणं कमी कमी होत गेलं. ती चिकटपट्टी अजून आहे.

शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता, तो ह्या डावेपणामुळेच. पोरगं समोर बसलं की भाटवे त्याला आरशातल्यासारखे दिसायचे. त्यांचा हात जिकडे, तिकडेच आपला हात न्यायचा, की झालं. पण आयांना ते पटायचं नाही. एकजण मुलीला घेऊन माझ्या दुकानात आली, ब्लाऊजचं माप देता देता म्हणाली, "तुमचे भाटवे चांगले हायेत, पन पोरगी उलटं शिकून जाईन ना." मी म्हटलं, "बाई, मी पन ब्लाऊज उलटा करूनच शिवतो. घातल्यावर सरळ दिसते का नाई?" मुलगी आणखी वर्षभर टिकली.

एकदा मी खोळीसाठी माप घ्यायला गेले होते. भाटवे नव्या गिटारीच्या खाचा घासत होते आणि लिहायची वही बाजूला उघडी होती. अक्षर अगदी देखणं. मी विचारलं, "भाऊजी, लिवता तं उजव्या हातानं. जेवताही उजव्याच हातानं. मंग हेच काऊन डाव्या हातानं?"

त्यांनी कानस थांबवली नाही. "लायनपनी डाव्या हातानं लिवलं तं गुरुजी बोटावर छडी मारे. डाव्या हातानं जेवलो तं आजी ताट ओढे. कोनाले काई देल्लं तं लोकं म्हनत, डाव्या हातानं देते. त्या हाताले कोनी काईच करू देल्लं नाई व." फुंकर मारून त्यांनी भुसा उडवला. "म्हनून म्या त्याले गिटार देल्ली."

मी माप घेतलं आणि घरी आले. "ही शेवटची" म्हणायचं त्या दिवशी राहून गेलं.

यंदा जयंतीचा महिना बरा गेला. आधीच्या दोन वर्षांत भाटव्यांनी एकही गिटार घेतली नव्हती, आणि आम्ही सगळे समजत होतो की वय झालं, शहाणपण आलं. मे महिन्यात ते माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि मोबाइल पुढे केला. "टेलरबाई, हे मागवून दे. पत्ता तुया दुकानाचा टाक. आमच्या गल्लीत कुरिअरवाला घुमत राह्यते." पडद्यावर डाव्या हाताची गिटार होती. खरी. मी किंमत पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, सरळ पत्ता टाकला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. भाटवे जुन्या गिटारीला तार चढवत बसले होते आणि तार हातातून सुटली. उचलली, पुन्हा सुटली. "हात झोपला वाट्टे," असं म्हणाले आणि तसेच डावीकडे कलले. मी शटर ओढलं, ऑटो केला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. जीव वाचला. तोंड जरा वाकडं झालं ते सुधारलं, पाय ओढत का होईना चालायला लागला. डावा हात तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा, येईल तेव्हा येईल, आत्ता काही सांगता येत नाही.

ते दवाखान्यात असतानाच खोका माझ्या दुकानात आला. सात दिवसांत परत करता येईल, असं त्यावर छापलं होतं. मी तो कापडाच्या गठ्ठ्यांमागे उभा केला आणि मनाशी ठरवून टाकलं: औषधं आहेत, व्यायामाला माणूस येणार आहे, ताईला रडण्याशिवाय काही सुचत नाही. परत. मोबाइलवर तशी नोंदही केली. कुरिअरचा माणूस सातव्या दिवशी खोका न्यायला येणार होता. सहाव्या दिवशी भाटवे घरी आले. न विचारता पाठवणं मला जमलं नाही, म्हणून संध्याकाळी खोका घेऊन पिपरीला गेले आणि सरळ सांगितलं, "भाऊजी, तुमची गिटार आली. उद्या वापस पाठवून राह्यली मी. पाहून घ्या."

ताईने पदर तोंडाला लावला. भाटव्यांनी खोक्यावर टिचकी मारली. मग म्हणाले, "खोल तं."

मी कात्रीने पट्ट्या कापल्या. गिटार बाहेर आली. भाटव्यांनी उजव्या हाताने ती चाचपली: खाचा, कडी, तारांचा क्रम. जाड तार वर, बारीक खाली. "पा," ते म्हणाले, "काईच कराले नाई लागत इले." मग मांडीवर घ्यायची म्हणाले. डाव्या बाजूला उशी लावून मी ती त्यांच्या मांडीवर टेकवली. दांडा उजवीकडे आला आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप तारांवर जाऊन बसली. तो हात चांगला होता. डावा लाकडावर पडून होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. पस्तीस वर्षांत मी त्या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि मला पाहायचंही नव्हतं, म्हणून मी उठले आणि खोका आवरायला लागले.

"टेलरबाई," भाटवे म्हणाले. "इकडं येजो. हात मार."

"मी? ताईले सांगा."

"ते रडते. रडनाऱ्याचा ताल चुकते. तुया हात मशीनवानी चालते. वरून खाली मार."

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि वरून खाली हात मारला. पहिल्यांदा नुसता खरखराट झाला. ते म्हणाले, "भांडून नको राहू तिच्यासंगं, अंगठा मोकळा सोड." दुसऱ्यांदा आवाज आला. भरदार, गोल, दोन्ही खोल्यांत पुरून उरेल असा. त्यांची बोटं सरकली, मी पुन्हा हात मारला, आवाज बदलला. ताई दारात येऊन उभी राहिली. तिचं रडणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी न्यायला माणूस आला. मी म्हटलं, "परत नाई करायची. चुकून दाबलं गेलं." तो म्हणाला, "बाई, कारण लिहिलंय तुम्ही. वस्तू उपयोगाची नाही, असं." मी म्हटलं, "तेच चुकून."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी पिपरीला जाते. आठव्या गिटारीची खोळ शिवून झाली आहे. या वेळी दुलई नवी होती. वाजवताना भाटव्यांचा डावा हात मी उचलून माझ्या हातावर ठेवते. डॉक्टरांनी हलवायला सांगितलाच आहे, तेवढाच व्यायाम. हात बराच जड आहे. माझ्या हाताबरोबर तो खाली जातो, वर येतो. गाणं ऐन भरात असताना कधी कधी मी मुद्दाम थांबते आणि बघते, तो आपणहून पुढे जातो का. अजून तरी गेलेला नाही.

"काऊन थांबली व?" भाटवे डोळे न उघडता विचारतात.

"धागा तुटला," मी म्हणते, आणि पुन्हा सुरू करते.