रुमालाखालचा नगरसेवक

आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाने मला फसवलं. मी कट्ट्याला फसवलं नाही. कोल्हापुरात अजून काही लोक ही गोष्ट उलटी सांगतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो.

मी गडहिंग्लजच्या पलीकडचा, हद्दीवरच्या गावचा. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. कोल्हापुरात आलो तेव्हा जवळ एक भाकड म्हैस होती आणि तीही मला कुणीतरी गाभण सांगून गळ्यात मारलेली. त्या म्हशीने मला धंदा शिकवला. त्यानंतर म्हशीच्या बाजारात मला कुणी बनवलं नाही. दात बघून, कास चाचपून, चार पावलं चालवून मी म्हशीचं वेत, म्हणजे ती कितव्यांदा व्यायली ते, सांगायचो, आणि बऱ्याचदा मालकाचा स्वभावही. पुढे दलाली जमली, दारात आठ-दहा म्हशी झाल्या आणि दूध-कट्ट्यावर माझी हक्काची जागा झाली.

कोल्हापूरकराला कट्टा काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला आणून बांधायच्या. गिऱ्हाईक समोर उभं राहणार, त्याच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार पडणार आणि फेसासकट ते दूध तो तिथेच पिणार. तालमीतली पोरं येत, दवाखान्यातले डॉक्टर येत, नवं लग्न झालेली जोडपी येत. पाणी घातलं का, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नसे. म्हैस समोरच उभी असायची.

कदाचित त्यामुळेच असेल, पण पुढाऱ्यांवर आमच्या कट्ट्याचा काडीचा विश्वास नव्हता. नव्वदच्या आसपास निवडणुका आल्या की जीप यायची, भोंगा वाजायचा, उमेदवार उतरून हात जोडायचा. आम्ही सगळ्यांना सारखंच दूध पाजायचो, सगळ्यांना "व्हय व्हय" म्हणायचो आणि मत मनाला येईल तिथे टाकायचो. कट्ट्यावर सगळ्यांत जुनी एक मावशी होती. माझ्याआधी वीस वर्षं तिच्या म्हशी तिथे उभ्या राहत. उमेदवाराची पाठ वळली की ती म्हणायची, "ह्यो बी पान्हा चोरणारा हाय बघ. कास भरल्याली दिसती, पर खाली बसलं की थेंब न्हाय."

ही पद्धत झकास होती. कुणी कुणावर विश्वास ठेवत नव्हतं, त्यामुळे कुणी फसत नव्हतं. ती मोडायची बुद्धी मला झाली, त्याला कारण होतं.

दोन हजार साल उलटल्यावर शहरात सुशोभीकरण नावाचा रोग आला. चौकाचौकात लोखंडी कठडे, हिरवळ, कारंजी. आमच्या कानावर आलं की कट्ट्याच्या जागेवरही बगीचा होणार आणि म्हशी शहराबाहेर उचगावच्या बाजूला कुठेतरी पाठवणार. आता मला सांगा, जेवण झाल्यावर दोन पावलं चालत येऊन दूध पिणारा माणूस त्यासाठी उचगावला जाईल काय? म्हणजे कट्टा मेला. कट्ट्यावरचे सगळे हवालदिल झाले आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "निवडणूक तोंडावर हाय. ह्या खेपेला भाषण नको, आश्वासन नको. सौदा करू. माझ्यावर सोडा."

उमेदवार आला. उंचापुरा, पांढरीफेक कपडे, गळ्यात दोन सोनसाखळ्या, वय माझ्यापेक्षा कमी. आल्याआल्या माझ्या पायाशी वाकला.

"आण्णा, आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद फुकट मिळत न्हाय आमच्यात," मी म्हणालो. "ह्या कट्ट्याची घरं किती, मतं किती, तुमास्नी पाठ असंल. कट्टा हलणार का न्हाय, तेवढं बोला."

"मी असताना कोण हात लावतंय आण्णा? माझा शब्द हाय."

मागून मावशी म्हणाली, "शब्द मागच्यानं बी दिलता बाबा. त्यो आमी म्हशीला घातला, तर तिनं बी खाल्ला न्हाय."

सगळे हसले. उमेदवारही हसला. हसणाऱ्या उमेदवारापासून सावध राहावं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी माझ्याच कौतुकात होतो. मी खांद्यावरचा रुमाल काढला.

म्हशीच्या बाजारात तोंडाने भाव करत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात आणि भाव बोटांवर ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. भाव ठरला की शेवटची एक गोष्ट राहते. देणाऱ्याने घेणाऱ्याचा अंगठा दाबायचा. त्याचा अर्थ, जनावरात खोड नाही. लाथ मारत असेल, पान्हा चोरत असेल, तर जनावर परत आणा, मी घेईन. साक्षीदार नाही, कागद नाही. पण दाबलेला अंगठा नाकारणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तसा माणूस पुन्हा बाजारात उभाच राहू शकला नसता.

मी उमेदवाराला जवळ घेतलं आणि रुमाल टाकला. कानात म्हणालो, "कट्टा हाय तिथंच राहील. पटत असंल तर अंगठा दाबा. न्हायतर दूध पिऊन सुटा."

त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि अंगठा असा दाबला, की माझं नख पांढरं पडलं. तालमीतला हात होता.

मी रुमाल झटकला, त्याच्या हातावर टाळी दिली आणि ओरडलो, "सौदा झाला!"

कट्ट्याने माझं तोंड बघितलं. मी मान डोलावली. तेवढं पुरलं. पुढाऱ्याच्या शब्दाला जिथे म्हशीने तोंड लावलं नव्हतं, तिथे माझ्या मानेवर सगळ्या कट्ट्याने, त्यांच्या सुनांनी, मेव्हण्यांनी आणि भाडेकरूंनी मतं टाकली. मावशी तर रिक्षा करून गेली. येताना मला म्हणाली, "तुझ्याकडं बघून टाकलंय बरं का. त्याच्याकडं बघून न्हाय."

तो निवडून आला. गुलाल इतका उधळला की दोन दिवस आमच्या म्हशी गुलाबी होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळीच गाडी आली. आमचे खुंटे उपटले, पाण्याची टाकी उचलली आणि कठडा घातला. मी त्याला फोन लावला. तो मुंबईला होता. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हाही मुंबईलाच होता. मुंबई एवढी लांब मला आधी कधी वाटली नव्हती.

पावसाळ्याच्या आत बगीचा उभा राहिला, आणि मधोमध त्यांनी काय बसवलं असेल? सिमेंटची म्हैस. पारंपरिक दूध-कट्ट्याची आठवण म्हणून! ज्याने ती घडवली त्याने म्हैस बहुधा दुधाच्या पिशवीवरच बघितली असावी. चारच्या जागी सड तीन. कास इतकी वर, की शेजारच्या सिमेंटच्या रेडकाला दूध प्यायचं तर शिडी लागेल. शिंगं बैलाची. मी दलाल माणूस. ते जनावर बाजारात कुणी मला फुकट दिलं असतं तरी मी दावं सोडून पळालो असतो. उद्‌घाटनाला नगरसेवकाने तिच्या गळ्यात हार घातला.

त्याच आठवड्यात मी त्याच्या कार्यालयात गेलो. बाहेर पन्नास माणसं बसलेली. मी सरळ आत घुसलो.

"या आण्णा! चहा सांगा रे आण्णांना."

"चहा ठेव तुझा," मी म्हणालो. आवंजावं तिथेच संपलं. "मी माल परत करायला आलोय."

"कुठला माल?"

"तुला. खोड निघाली तुझ्यात. अंगठा दाबलावतास."

तो खुर्चीत मागे रेलला. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आण्णा, अंगठ्याचं काय घिऊन बसलासा? तुम्ही रुमाल टाकला, मला वाटलं तुमच्यात पावण्याचं स्वागत असं करत असतील. मी हात दिला."

"बाजारात ह्याला काय म्हणत्यात, तुला म्हाईत न्हाय?"

"मी बाजारात कधी म्हस घेतली न्हाय की आण्णा. आणि रुमाल उचलून कुणी बघितलंय का? कोण म्हणतंय मी दाबला? एखादा माणूस दाखवा."

माझ्या तोंडून जे शब्द गेले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. बाहेरच्या पन्नास माणसांनी ऐकले, एवढं पुरे. त्याने शांतपणे चहा पाठवून दिला. रस्त्यापर्यंत तो चहा माझ्या मागे आला.

इथवर सोसलं असतं. म्हैस परत करता येते, नगरसेवक परत करायची सोय कायद्यात नाही, हे मी समजून घेतलं असतं. पण खरी फसवणूक पुढे झाली.

कट्ट्यावरचे लोक आता जागा मिळेल तिथे, गल्लीबोळात म्हशी बांधत होते. मी त्यांना म्हणालो, चला, मोर्चा काढू. कुणी हललं नाही. सगळे पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले. शेवटी एकाने विचारलं, "आण्णा, राग नका धरू. पर रुमालाखाली त्यानं तुमच्या हातात काय ठेवलं?"

"काय म्हणजे? हात ठेवला!"

"न्हाय, लोक म्हणत्यात..."

लोक म्हणत होते की आण्णांनी खाल्लं. रुमाल म्हटल्यावर त्याच्याखाली काहीतरी असणारच. नाहीतर रुमाल कशाला? ज्या रुमालाच्या जोरावर मी आयुष्यभर बाजार केला, तोच माझ्याविरुद्ध पुरावा झाला. आणि गंमत बघा, नगरसेवकावर कुणीच चिडलं नव्हतं. मी मावशीला म्हणालो, "अगं, फसवलं त्यानं आणि शिव्या मला?"

"त्यो तसलाच की लेकरा," ती म्हणाली. "कावळा काळा म्हणून कोण रडतंय? तू आपला हुतास."

पुढारी खोटं बोलला तर त्याचं काही जात नाही, कारण त्याच्याजवळ जाण्यासारखं काही शिल्लक नसतं. जातं ते त्याच्या शेजारी उभं राहून मान डोलावणाऱ्याचं. बाजारात मी रुमाल काढला की समोरचा हात मागे घ्यायला लागला. "आण्णा, तोंडानं बोलूया की. सगळ्यांदेखत." माझ्या हाताखाली शिकलेले दलाल हे म्हणायला लागले! एकदा बायकोनेही जेवायला वाढताना सहज विचारावं तसं विचारलं, "आवं, खरंच काय नव्हतं ना?" मी ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो.

मी ठरवलं, त्याच्याच तोंडून वदवायचं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून, रंगवून, मोटारसायकलीमागे पळवायचा आमचा सोहळा असतो. त्या वर्षी बक्षीस द्यायला तोच होता. अख्खा गवळी समाज जमलेला. मी माझी म्हैस मंडपासमोर उभी केली आणि खालूनच ओरडलो, "नगरसेवक! कट्ट्याच्या सौद्यात तू मला काय दिलंवतंस, ते माईकवर सांग!"

मावशीने कानावरचा पदर मागे सारला. मला वाटलं, आता हा सापडला. पैसे दिले म्हणाला तर त्याची नाचक्की, काही दिलं नाही म्हणाला तर माझी सुटका.

तो हसत हसत खाली उतरला. माझ्या गळ्यात हात टाकला, दुसऱ्या हाताने माईक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "आण्णांचं आणि माझं जुनं हाय. आमच्यातलं आमच्यात राहू द्या. आण्णांना काय कमी पडू देणार न्हाय मी!"

टाळ्या पडल्या. माणसं एकमेकांकडे बघून मान हलवायला लागली: बघ, म्हटलं नव्हतं? वर माझ्याच म्हशीला त्याने पहिलं बक्षीस दिलं. म्हैस खरोखर पहिल्या नंबराची होती, आणि तेही आता कुणी मानत नाही. एका वाक्यात त्याने माझं जे केलं, ते मला शंभर म्हशी विकूनही कुणाचं करता आलं नसतं. दलाल म्हणून मी त्याला त्या दिवशी मनातल्या मनात मुजरा केला आणि घरी येऊन बादली फोडली.

पुढच्या निवडणुकीला तो परत निवडून आला. माझ्या लोकांनीही त्यालाच मत दिलं. एकजण मला तोंडावर म्हणाला, "कुणी का असंना, सगळे सारखेच. ह्यो निदान वळखीचा हाय." हे लोकांचं शहाणपण मला अजून पचलेलं नाही. सगळे सारखे म्हणून सगळ्यांना माफी, आणि आपला एक माणूस चुकला असं नुसतं वाटलं तरी त्याला जन्मठेप!

म्हणून आता तुलाच विचारतो, माजी नगरसेवक. आता तुझ्यापुढे माजी लागलंय, तिकीट मिळत नाही, गाडीवर झेंडा नाही. तुला गमवायला काही नाही, आणि तसं तेव्हाही नव्हतं. कट्टा मी मागत नाही. तो गेला. येत्या बाजाराच्या दिवशी ये. मी दलालांना बोलावतो, गवळ्यांना बोलावतो, बायकोलाही आणतो. कुणाच्या गळ्यात हात टाकायचा नाही, हसायचं नाही. सगळ्यांसमोर उभा राहा आणि मोठ्यानं सांग: त्या दिवशी तू मला एक छदाम दिला नाहीस, आणि अंगठा दाबला होतास. दाबला होतास की नाही? बोल.