घंटी नसलेली सीडी

समजा, तुम्हाला एका सिनेमाचं पार्श्वसंगीत कॅसेटवर उतरवायचं आहे. गाणी नव्हेत, गाणी बाजारात मिळतात. माणसं गप्प असताना मागून जे वाजत राहतं, ते. साल एक्याण्णव. सिनेमा लागलाय शिरड शहापूरच्या बाजारतळावर, टुरिंग टॉकीजच्या तंबूत. टेपरेकॉर्डर मित्राचा, त्यातले सेलही मित्राचेच, आणि त्यांच्यात किती जीव उरलाय ते तुम्हाला ठाऊक नाही. दारावरच्या माणसानं पाहिलं तर बाहेर ठेवायला लावेल, म्हणून तो घोंगडीत गुंडाळून आत न्यायचा. कर्ण्याजवळ बसावं तर आवाज फाटतो, लांब बसावं तर शेजाऱ्याचा खोकला टेपवर येतो. पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की बटण दाबायचं, तोंड उघडलं की सोडायचं. ती केव्हा थांबणार हे आधी कळावं म्हणून तोच सिनेमा रोज जाऊन बघायचा.

परमेश्वरनं हे केलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याच्या बापाचा, ज्ञानबाचा, कळप त्या उन्हाळ्यात बाजारतळाला लागून असलेल्या एका शेतात बसवलेला होता. खतासाठी शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात आणि बदल्यात ज्वारी देतात, तसा. त्यामुळे तंबू आणि मेंढरं कोंडायचं वाडगं यांच्यात बांध काय तो आडवा. ज्ञानबाला पोराचा हा नाद बिलकुल पसंत नव्हता. "कळप सोडून डब्ब्यात काय आवाज भरून राहिला," असं तो येताजाता म्हणायचा.

सिनेमाचं नाव 'सुनी पगडंडी'. त्यात एक जागा होती. बऱ्याच वर्षांनी गावाकडे परतलेला माणूस पायवाटेनं एकटा चालत येतो. गाव उठून गेलेलं असतं. घरं उघडी, आत कोणी नाही. बासरी वाजत असते, ती मध्येच थांबते. अगदी शांत. आणि त्या शांततेत एक घंटी तीनदा वाजते. मग व्हायोलिनं एकदम उसळून येतात.

परमेश्वरचा जीव त्या घंटीत अडकला. पुढं त्यानं ती कॅसेट शेकडो वेळा ऐकली आणि घंटीचा अर्थही लावला. गावात माणूस उरला नाही, पण एक जनावर उरलंय. तेवढ्यासाठी तो माणूस थांबतो. "संगीतकारानं एका घंटीत अख्खं गाव परत आणलं," असं तो सांगायचा. ऐकणाऱ्यालाही ते पटायचं.

चौऱ्याण्णवला ज्ञानबा वारला. मेंढरं थोरल्या भावाकडं गेली आणि परमेश्वरनं वसमतला बसस्टँडजवळ कॅसेटचं दुकान टाकलं. दुकान लहान, मतं मोठी. कोणी गाण्यांची कॅसेट मागितली की तो विचारायचा, "पहिली पाहिजे का नंतरची?" गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. मग परमेश्वर समजावून सांगायचा. पहिल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी नुसत्या वाद्यांचा तुकडा आहे. कंपनीनं पुन्हा काढली तेव्हा तो उडवला आणि त्या जागी भलत्याच सिनेमाचं गाणं घुसवलं. त्यानंतर तिसरी निघाली, तिच्यात प्रत्येक गाण्यावर ढोलाचे ठोके चढवले. "मेलेल्या माणसाला नाचवल्यासारखं," तो म्हणायचा. ती तिसरी त्यानं कधीच ठेवली नाही. वरातीसाठी लोक तीच मागायचे, तर हात हलवत परत जायचे. पण एखाद्याला चांगली कॅसेट हवी असली, की हळदीच्या बाजाराला आलेला माणूसही विचारायचा, "परमेश्वर काय म्हणतो?" हे एक वाक्य म्हणजे त्याची कमाई होती.

आणि दरवेळी त्याचं एकच गाऱ्हाणं असायचं. "गाणी दहादा काढतेत. मागचं संगीत एकदा तरी काढा की."

दोन हजार चारला ते निघालं.

बातमी आणली ओमप्रकाशनं. हा तोच टेपरेकॉर्डरवाला मित्र. तांड्यावरचा, शंकरसिंगचा मुलगा. आता परमेश्वरच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, त्याचं सीडीचं दुकान होतं. आत कॉम्प्युटर, बाहेर काच. 'सुनी पगडंडी'ची नवी सीडी, संपूर्ण पार्श्वसंगीतासह, त्यानं स्वतः आणून परमेश्वरच्या हातात दिली आणि त्याला आपल्या दुकानात नेऊन ऐकवली.

बासरी वाजली. थांबली. शांत. मग व्हायोलिनं.

परमेश्वर खुर्चीवरून उठला. "घंटी कुठंय?"

"कोणती घंटी?"

"कापली! आन् बासरी बी खाली उतरवली. बराबर ऐक. सगळं एक सूर खाली हाय. घाई नसल्यावानी रेंगाळून राहिलंय."

"अरे, मुंबईच्या मूळ टेपवरून काढलंय हे. कव्हरवर लिवलंय."

"कव्हरवर लिवलं म्हणून खरं व्हय? मंग माझ्या कॅसेटवर वाजून राहिली ती घंटी काय आभाळातून पडली?"

"घंटी तुझ्या कानात वाजून राहिली, लेका," ओमप्रकाश हसत म्हणाला. "डॉक्टरला दाखव."

संध्याकाळी परमेश्वरच्या दुकानावर पाटी लागली: 'सुनी पगडंडीची नवी सीडी अपुरी आहे. इथे विकली जात नाही.' अक्षरं लाल.

वसमतला दुसरा विषय उरला नाही. बसमधून उतरणारा पाटी वाचायचा आणि विचारायचा, अपुरी म्हणजे काय? परमेश्वर कॅसेट लावायचा. घंटी ऐकून माणूस समोर जायचा, सीडी ऐकायचा, घंटी सापडायची नाही. सीडी खपेना. ओमप्रकाशचं हसू कमी झालं.

शेवटी तोच एक दिवस कोंडीबाच्या हॉटेलात सगळ्यांसमोर म्हणाला, "येत्या रविवारी दुपारी हा सिनेमा टीव्हीवर हाय. इथंच बघू. घंटी वाजली तर सीडीचा गठ्ठा कंपनीला परत धाडतो. न्हाई वाजली तर?"

"तर पाटी उतरवीन," परमेश्वर म्हणाला. "आन् ह्यापुढं कॅसेटबद्दल तोंड उघडणार न्हाई."

कोंडीबा चहा गाळता गाळता थांबला. "इचार करून बोल, बाबा. तुझं तोंड बंद झालं तर दुकानात राहिलं काय?"

"इचार कशाचा? घंटी हाय."

रविवारी हॉटेलात बसायला जागा नव्हती. पायवाटेचा प्रसंग आला तसं कोंडीबानं स्टोव्हही बंद केला. बासरी थांबली. पाखरूसुद्धा बोललं नाही. व्हायोलिनं आली.

कोणीतरी जिभेनं "टिण टिण" केलं आणि हॉटेल हसण्यानं फुटलं. परमेश्वर उभा राहिला. "टीव्हीवाल्यांनी नवीच प्रत लावली असंल," तो म्हणाला. आणखी हसले. ओमप्रकाश मात्र हसला नाही. नुसतं म्हणाला, "शब्द दिलाय तू."

"उद्या सकाळी उतरवतो," परमेश्वर म्हणाला. "पण ऐका. घंटी हाय. पाटी उतरली तरी हाय."

दुकानामागच्या खोलीत त्याची आई, नर्मदाबाई, आलेली होती. डोळे दाखवायला भावानं तिला वसमतला आणून सोडलं होतं. लेकाचा चेहरा तिला धड दिसला नाही, पण चपला कशा टाकल्या ते तिनं ऐकलं. "काहून रे, काय झालं?"

"काही न्हाई, माय."

वीज गेलेली होती, रोजचंच भारनियमन. परमेश्वरनं कॅसेट काढली, टेपरेकॉर्डरमध्ये हाताशी होते ते जुनेच सेल घातले आणि ती जागा लावली. एकदा शेवटची ऐकावी आणि मग आपणही गप्प बसावं, असं त्याच्या मनात होतं. सेल उतरलेले होते. बासरी जड, सावकाश निघाली. सीडीवर रेंगाळते तशीच. मग घंटी वाजली. तीनदा.

नर्मदाबाईनं मान वर केली. "आपली तांबडी हितं कशी?"

"कोण तांबडी?"

"शेळी रे. कळपाच्या म्होरं चालायची ती. ही तिची घंटी हाय."

"माय, हा सिनेमा हाय."

"असंल सिनेमा. घंटी आपली हाय. तिच्या कडंचा टवका उडालता, म्हणून आवाज शेवटाला थरथरायचा. तुझ्या बानं औंढ्याच्या जत्रंत डझनभर घंट्या वाजवून बघून ती घेतलती. पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा लावली. शेवटी आवाज थरथरत होता. इतकी वर्षं तो त्याला संगीतकाराची करामत समजत आला होता. तेवढ्यात वीज आली. त्यानं विजेवर लावून ऐकवलं, तर नर्मदाबाई म्हणाली, "आता न्हाई वाटत. ही कोण्या पोरकट शेळीची." वायर काढून पुन्हा सेलवर लावलं. "ही बघ, ही तांबडी."

परमेश्वर कपाळाला हात लावून बसला. दुकानात रोज टेपरेकॉर्डरची हेडं साफ करणाऱ्या माणसाला हे समजायला तेरा वर्षं लागली होती. ज्या रात्री ती जागा टेपवर भरली, त्या रात्री ओमप्रकाशचे सेल उतरलेले होते. टेप हळू फिरत भरली गेली, म्हणून विजेवर नीट वेगात वाजवली की सगळंच चढ्या सुरात ऐकू यायचं. बासरीही आणि घंटीही. सीडीची बासरी खाली उतरलेली नव्हती. त्याचीच वर चढलेली होती. आणि रोज ज्या घंटीमागं चालत तो लहानाचा मोठा झाला, ती त्याला म्हणूनच ओळखू आली नव्हती. तंबूत तर त्याचं सगळं लक्ष पडद्यावरच्या तोंडांवर आणि बटणावर होतं; घंटी त्यानं ऐकली ती टेपवरच.

पण एक गोष्ट जुळेना. "माय, दिवस मावळला की तांबडीच्या घंटीत तू चिंधीचा बोळा कोंबायचीस ना? वाजू नये म्हणून?"

"रोज. एक दिस चुकले न्हाई."

"मंग ती वाजली कशी?"

"त्या तंबूच्या वक्ताला तुझी भाकर गार होऊन राहायची. एक दिस मी तुझ्या बाला धाडलं, म्हणलं, आणा पोराला वढून. तांबडी गेली तेच्या मागं मागं. ती तेला सोडतच नव्हती. लई येळ आला न्हाई. आला तवा एकलाच. मी म्हणलं, पोरगं कुठंय? तर म्हणला, बसू दे तेला. चांगलं वाजून राहिलंय."

"बा असं म्हणला?"

"असंच म्हणला. आन् बोळा तेच्या मुठीत होता. मी म्हणलं, ह्यो कशाला काढला? तर जेवायलाच बसला."

सकाळी दुकानासमोर माणसं जमली. पाटी उतरताना बघायला कोंडीबा चहाचा ट्रे घेऊनच आला होता. परमेश्वरनं पाटी उतरवली. शब्द दिला होता, पाळला. मग आतून दुसरी आणली आणि त्याच खिळ्याला लावली: 'सुनी पगडंडी. ज्ञानबाच्या घंटीसहित. फक्त इथे ऐकायला मिळेल.'

आणि त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवता आलं असतं, कारण नर्मदाबाईशिवाय ती घंटी ओळखणारं वसमतमध्ये कोणी नव्हतं. त्यानं सेलचं सांगितलं, सुराचं सांगितलं. "बासरीची माझी चूक. ओमप्रकाश, तुझी सीडी वेगाला बराबर हाय."

"म्हणजे घंटी सिनेमात न्हाईच," ओमप्रकाश म्हणाला. "मान्य कर की मंग. सीडी पुरी हाय."

"न्हाई. अपुरीच हाय."

"अरे, संगीतकारानं घातलीच न्हाई तर अपुरी कशी?"

"त्यानं जागा रिकामी ठेवली. तिथं काय पाहिजे ते त्याला सुचलं न्हाई. माझ्या बाला तंबूच्या भाईर उभ्या उभ्या सुचलं. तूच सांग, घंटीबिगर ती जागा ऐकवती का आता तुला?"

ओमप्रकाशला एकदम आठवलं. "तोंड उघडणार न्हाई म्हणला होतास."

"कॅसेटबद्दल उघडणार न्हाई म्हणलो होतो. मी बाबद्दल बोलून राहिलो."

लोक हसले, पण कालचं ते हसणं नव्हतं. कोंडीबानं चहा वाटला. दुपारी, रस्त्यावर गर्दी नसताना, ओमप्रकाश आत येऊन काउंटरला टेकला. "कॅसेट दे दोन दिवस. कॉम्प्युटरवर घेतो. घरघर काढतो, खोकला काढतो, सूर बराबर करतो. एकदम नव्यासारखी."

"म्हणजे पुन्हा नवी आवृत्ती," परमेश्वर म्हणाला. "आन् घरघर काढता काढता घंटीची थरथर जाईल. राहू दे. तुला ऐकायची असंल तर येत जा. उतरलेले सेल तेवढे आण. तुझ्याकडं असतातच."

तेव्हापासून त्या दुकानात ती जागा नेहमी उतरलेल्या सेलवरच वाजते. नवीन सीड्या, त्यांच्यानंतरच्या आणखी नव्या, सगळ्यांबद्दल परमेश्वर बोलायचं ते बोलतोच. शब्दाचं त्याला कोणी विचारत नाही. घंटीबद्दल मात्र तो कमी बोलतो. कळपातलं मेंढरू वाट चुकलं की ज्ञानबा घंटी हातात धरून तीनदा हलवायचा, थांबायचा, वाट बघायचा, हे त्याला चांगलं आठवतं. टेपवरही तीनदाच आहे. तेवढं त्याला कळलंय. पण अंधारात तंबूच्या कनातीला कान लावून उभ्या असलेल्या बापानं बोळा काढला आणि घंटी हलवली, ती नक्की कोणाला हाक होती? पडद्यावर एकट्या चालणाऱ्या त्या माणसाला, की आत घोंगडीखाली बटणावर बोट धरून बसलेल्या परमेश्वरला?