मुलुंडच्या चॅपेलातला डॅनियल

डॅनियल गायकवाड गेल्याचं मला त्याच्या मुलीनं, रूथनं, येऊन सांगितलं. सकाळी दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बाबा गेले. झोपेतच." तिला आत ये म्हणायचंही मला सुचलं नाही. याला आता सहा आठवडे होतील.

विक्रोळीच्या एका कारखान्यात आम्ही चौदा वर्षं शेजारशेजारच्या लेथवर उभे होतो. मी मालवणकडचा, तो नगरकडचा. माझ्या डब्यातला बांगडा तो खायचा, त्याची बाजरीची भाकरी मी. मग संप झाला. चौथ्या महिन्यात तो माझ्या चाळीत आला. "शिवा, मला आत जावं लागेल रे. सुशीलाची औषधं कंपनीच्या दवाखान्यातून येतात. बंद झाली तर ती जगत नाही." सुशीला म्हणजे त्याची बायको, मूत्रपिंडाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. मी म्हणालो, "दुखणी सगळ्यांच्याच घरी आहेत." दुसऱ्या दिवशी तो गेटमधून आत शिरला तेव्हा "गद्दार!" असं सगळ्यात मोठ्यानं मी ओरडलो. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं... आणि तो आत गेला.

दोन महिन्यांनी सुशीलावहिनी गेल्याच. दफन किती वाजता आहे याचा निरोप आला होता. मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि संध्याकाळपर्यंत तसाच खाटेवर बसून राहिलो.

संप फिसकटला, आम्ही कामावर परतलो. वर्षभर दोन लेथ शेजारी फिरत होते आणि आमच्यात एक शब्द नव्हता. माझ्यानं ते सोसवेना. एका रविवारी पत्ता विचारत विचारत मी मुलुंडला त्याच्या चॅपेलात गेलो. मेथडिस्ट ख्रिस्ती लोकांचं ते छोटं कौलारू देऊळ; डॅनियल त्याला देऊळच म्हणायचा. बंगल्यांची ओळ संपते आणि डोंगराचं रान सुरू होतं, तिथं ते आहे. भोवती ऐन, मोह, जुने आंबे... इमारतीच्याही आधीचे. सुरुवातीची माणसं या झाडांखालीच बसून उपासना करायची, असं त्यानंच पुढे मला सांगितलं. त्या दिवशी मी चपला कुठे काढायच्या या विचारात दारात घुटमळलो, कुणी काढल्या नाहीत हे पाहून शेवटच्या बाकावर टेकलो. आत पेटी-ढोलकीवर मराठी भजन चाललं होतं. डॅनियल पुढच्या बाकावर होता. उपासना संपल्यावर त्यानं मला पाहिलं, उठून आला आणि शेजारी बसला. पाठ करून आणलेलं मला काहीच आठवेना.

"उशीर केलास रे," तो म्हणाला. "भजनं संपली. चल, चहा तरी मिळेल."

त्यानंतर रविवारी उपासना सुटली की आम्ही मागच्या रानात फिरायचो. कुडा कुठला, काटेसावर कुठली, हे मी त्याच्याकडून शिकलो. एकदा धीर करून म्हणालो, "डॅनियल, वहिनींच्या वेळी मी..." त्यानं माझा दंड धरला. "गप. तो बघ हळद्या, फांदीवर." पुन्हा विषय निघाला नाही. तो विसरला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्याच्या दफनाला मी वेळेआधी पोचलो. माती टाकून झाली, लोक पांगले. रूथ जवळ आली. "बरं झालं काका, या वेळी तुम्ही होतात. आई गेली तेव्हा तुम्ही गावाला होतात ना? बाबा सांगायचे, शिवा इथे असता तर पहिला खांदा त्यानं दिला असता."

वाटलं, मान हलवावी आणि निघावं. पण त्या मातीशेजारी उभं राहून ते जमेना. "मी गावाला नव्हतो, पोरी. घरीच होतो." मग गेटपासून सगळं सांगितलं.

"बाबांनी मला आयुष्यात एवढं एकच खोटं सांगितलं," रूथ म्हणाली. रागावली होती की काय, मला कळलं नाही. मी डॅनियलसाठी शेवंती आणली होती. तिनं त्यातली मूठभर उचलून माझ्या हातात परत ठेवली आणि शेजारच्या जुन्या कबरीकडे बोट दाखवलं.

"आई तिथे आहे," ती म्हणाली. मी चपला काढल्या आणि गेलो.